चिकन ठेवायचं की नाही?

फ्राइड चिकन ठेवायचं की नाही, यावर यंदा बैठकांवर बैठका झाल्या. जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांची सुट्टी असते. त्यानिमित्त आमच्या विद्यापीठात विद्यार्थी, प्राध्यापक आणि गावकरी एकत्र जेवतात. केटरिंग माझ्याकडे. कृष्णवर्णीय म्हणजे फ्राइड चिकन, ही जुनी टिंगल आपणच ताटात वाढतोय असं कुणी म्हटलं तर, ही समितीची धास्ती. ती खोटी नव्हती. अशा मेनूवरून इतर विद्यापीठांना माफी मागावी लागली आहे.

निकाल लावला आमच्या मुख्य स्वयंपाकीणबाईंनी. त्या मूळच्या अलाबामातल्या माँटगोमेरीच्या. म्हणाल्या, "बसवर बहिष्कार टाकला तेव्हा पैसा कुठून आला, ते विचार त्यांना." आणि जॉर्जिया गिलमोर यांच्याबद्दल सांगू लागल्या. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध, किंग यांच्या नेतृत्वाखाली, डिसेंबर १९५५ मध्ये सुरू झालेला तो बहिष्कार ३८१ दिवस चालला. लोकांची ने-आण करायला गाड्या लागत, पेट्रोल लागे. गिलमोरबाई आणि त्यांच्या मैत्रिणी चिकन सँडविच, केक आणि पाय (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) करून विकायच्या आणि पैसे चळवळीला द्यायच्या. नाव फुटलं तर गोऱ्यांकडची नोकरी जायची, म्हणून गटाचं नाव 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे 'कुठूनच न आलेला क्लब'. बहिष्कारावरून किंग यांच्यावर झालेल्या खटल्यात साक्ष दिल्यावर गिलमोरबाईंची स्वयंपाक्याची नोकरी गेलीच. मग किंग यांच्याच प्रोत्साहनाने त्यांनी घरी खानावळ सुरू केली.

चिकन राहिलं. सोबत कॉलर्ड ग्रीन्स (एक पालेभाजी), मक्याचा ब्रेड, रताळ्याचा पाय (उपासाला चालणार नाही, अंडं असतं), आणि प्रत्येक टेबलावर गिलमोरबाईंची माहिती.

संध्याकाळी वक्ते टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहराच्या विषयावर आले. १९६८ मध्ये कचऱ्याच्या ट्रकच्या यंत्रात चिरडून दोन सफाई कामगार गेले, संप झाला. त्या संपकऱ्यांसाठी गेलेल्या किंग यांचा ४ एप्रिलला तिथेच खून झाला. सभागृहात टाळ्या. मी किचनच्या दारात, आणि माझ्यामागे आमची पोरं उष्ट्याच्या पिशव्या बांधत होती. मला भयंकर अवघडल्यासारखं झालं.

बाईंनी मात्र अॅप्रन सोडला, सरळ बाहेर गेल्या आणि न आलेल्या एका पाहुण्याच्या खुर्चीवर बसल्या. मला खूण केली, वाढ. मी वाढलं. शेजारच्या विद्यार्थिनीने टेबलावरची माहिती दाखवत काहीतरी विचारलं, आणि पुढचा अर्धा तास त्या टेबलावर भाषणाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात मी किचनच्या माणसांसाठी एक टेबल मागितलंय. हिशेब विभागाने विचारलं, खर्च कुठल्या खात्यात टाकायचा? 'पाहुणे' असं कळवलंय. मंजुरी अजून आलेली नाही.