बिलावर लेन्सचा नंबर कुठाय?

कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाला मी हल्ली मेगापिक्सेलबद्दल काही सांगत नाही. एवढंच सांगते, बिलावर दोन नंबर लिहून घे. एक बॉडीचा, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्याचा, एक लेन्सचा. किटमधल्या, म्हणजे बॉडीबरोबरच मिळणाऱ्या, लेन्सलाही स्वतःचा सीरियल नंबर असतो, हे मला वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी अंधेरीच्या एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर कळलं, हातात 38 नंबरचं टोकन धरून.

कॅमेऱ्याचं निमित्त वहिनी. ती घरी मोत्यांच्या नथी, ठुश्या, बुगड्या करते आणि ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर घेते. माझ्या फोनवर काढलेल्या फोटोंत मोती एका अंगाने निळे, दुसऱ्या अंगाने पिवळट दिसायचे. गिऱ्हाइकं विचारायची, मोती जुने आहेत का? शेवटी पाडव्याला फोर्टला जाऊन बोरा बाजारातून मिररलेस बॉडी आणि 18-55ची लेन्स घेतली. दुकानदाराने दोन भाव सांगितले, बिलाचा आणि बिनबिलाचा. फरक साडेचार हजारांचा. मी बिलाचा घेतला आणि स्वतःच्या शहाणपणावर खूश होत सीएसएमटीला गाडी पकडली. बिलावर बॉडीचा नंबर होता. लेन्सपुढे नुसतं 'किट'.

मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, लेन्स दोनदा घरघरली आणि गप्प झाली. फोकस मॅन्युअलवर टाकून हाताने रिंग फिरवली तरी ढिम्म. या जातीच्या लेन्समध्ये रिंग थेट काच हलवत नाही, ती मोटरला हुकूम देते. आणि मोटरच गेलेली.

भांडुपहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, पुढे रिक्षा. तासभर बसल्यावर काउंटरवरच्या मुलाने बिल उलटसुलट करून पाहिलं. "मॅडम, लेन्स का नंबर किधर है?" मी शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड पुढे केलं. नाही चालत. दुकानातून बिल दुरुस्त करून आणा.

रविवारी फोर्ट बंद, म्हणून शनिवारी अर्धी रजा टाकली. शेठ म्हणाले, "ताई, त्या महिन्याचं रिटर्न भरून झालं, आता बिलात फेरफार नाही होत." त्यांनी पेनाने बाजूला नंबर लिहून दिला. सर्व्हिस सेंटरने 'ओव्हररायटिंग' म्हणून तो कागद परत केला. पुन्हा फोर्ट. या वेळी लेटरहेडवर सही-शिक्क्यासह पत्र घेतलं आणि सोबत खोक्यावरच्या लेबलचा फोटो जोडला. त्या लेबलवर दोन्ही नंबर छापलेले असतात. खोका मी रद्दीत देणार होते, वहिनीने त्यात मण्यांच्या पुड्या भरल्या होत्या म्हणून वाचला.

18 मे रोजी लेन्स एकदाची जमा झाली. "सात ते दहा दिवस."

पंधराव्या दिवशी फोन केला तर पार्ट ऑर्डरवर. पंचविसाव्या दिवशीही पार्ट ऑर्डरवर.

ऑर्डरी मात्र थांबत नव्हत्या, त्यामुळे फोनवरच फोटो काढणं चालू राहिलं. निळा-पिवळा प्रकार कॅमेऱ्याचा नव्हताच, खिडकीचा उजेड आणि घरातला पिवळा एलईडी एकत्र पडत होता. दिवा बंद केला, मोती सुधारले. (यासाठी मी कॅमेरा घेतला होता, हे भावाने तेव्हापासून चारदा ऐकवलंय.) मोती आणि सोन्याचं पाणी म्हणजे आरसे, समोर जे असेल ते त्यात दिसतं. एका नथीच्या आठही मोत्यांत माझा लाल गाऊन होता. म्हणून खिडकी आणि नथ यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर ताणायचा, नथीच्या जितका जवळ तितकी सावली मऊ. दुसऱ्या बाजूला थर्माकोल, उजेड परतवायला. सगळंच पांढरं झालं की सोन्याच्या कडा विरघळतात, तेव्हा काळ्या कार्डपेपरची बोटभर पट्टी बाजूला उभी करायची. रिंगलाइट घेऊ नका. प्रत्येक मोत्यात एक चकचकीत बांगडी दिसते. मी घेतला होता, आता भाची त्यावर रील करते. एलईडी घ्यायचाच तर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) 95 किंवा वर बघा, नाहीतर नथीतला लाल खडा विटकरी येतो.

19 जूनला मेसेज आला. लेन्समध्ये ओलावा आढळला, वॉरंटी लागू नाही, दुरुस्ती 6,800 रुपये. नको असेल तर तपासणीचे 590 भरून लेन्स घेऊन जा.

आता माझी लेन्स घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहायची, आत छोटा आर्द्रतामापक, आकडा 45 टक्क्यांच्या आसपास. मुंबईत काचेला बुरशी धरते हे दुकानातच ऐकलं होतं, त्यामुळे एवढी काळजी पहिल्या दिवसापासून होती. मी गेले आणि लेन्स जमा करताना मिळालेली पावती, म्हणजे जॉबशीट, काउंटरवर ठेवली. त्यावर त्यांच्याच माणसाने लिहिलेलं, कंडिशन ओके. म्हटलं, माझ्याकडून आली तेव्हा मे महिना होता. पाऊस तुमच्याकडे असताना पडलाय.

मॅनेजर 'जेवायला' गेले होते. साडेचारला.

घरी येऊन 1915 लावला, ग्राहक हेल्पलाइनचा. जॉबशीट, पत्र, लेबल, डब्याचा फोटो, सगळं जोडून तक्रार नोंदवली. हे मी पंचविसाव्या दिवशीच करायला हवं होतं, उगाच सभ्यपणा केला. पाचव्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून स्वतःहून फोन, आवाजात एकदम साखर. वॉरंटीत बसवतोय, मॅडम.

4 जुलैला, सत्तेचाळिसाव्या दिवशी, लेन्स मिळाली. तिथेच बॉडीला लावून टोकनच्या मशीनवर फोकस करून पाहिला, जवळचा, लांबचा, दहा-बारा वेळा. मागे रांग खोळंबली होती, खोळंबू दे म्हटलं.

सांगायचं राहिलं, लेन्स जमा करताना झाकणं, फिल्टर सगळं काढून घरी ठेवा, किंवा जॉबशीटवर लिहून घ्या. माझं मागचं झाकण त्यांनी परत दिलं नाही. बोरा बाजारात दीडशेला मिळालं. मी बिल मागितल्यावर शेठ हसले. मग चष्मा लावून त्यांनी बिलबुक काढलं आणि विचारलं, "याच्यावर कुठला नंबर लिहू?"