डोक्याच्या गोळ्या

आज सांगलीत कोर्टाबाहेर शेजारच्या मावशींसोबत होते. पोराला न्यायालयीन कोठडी मिळाली. जामिनापेक्षा त्यांना घोर वेगळाच, "त्याच्या डोक्याच्या गोळ्या घरातच राहिल्या की गं!"

बरोबरच होतं त्यांचं. मानसिक आजारावरच्या अशा गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचं. गोळ्या आतही मिळाव्यात म्हणून वकिलांनी लगेच डॉक्टरांची चिठ्ठी जोडून अर्ज दिला. (किती घरांना हे सुचत असेल?) तुरुंगात जाताना जखमा, जुने आजार नोंदवतात, मनाचंही तेवढ्याच नेटानं विचारायला हवं. जीव नकोसा होण्याचा धोका या सुरुवातीच्या दिवसांतच जास्त. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात कैद्यांसाठी स्वतंत्र कलम आहे, १०३. आणि देशातले चारांतले जवळपास तीन कैदी तर कच्चेच, म्हणजे खटला अजून न संपलेले!

मावशींना टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लिहून दिलाय, त्यांच्या स्वतःसाठी. लावतील का, शंकाच आहे.