चोक न ओढता मारलेला सेल्फ

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. हिला खोकला लागला होता म्हणून उठून गरम पाणी करून दिलं आणि परत येऊन पडलो. घड्याळात २ वाजून ४० मिनिटं झाली होती. बेळगावातला आमचा क्रॉस, म्हणजे आमची आडवी गल्ली, अनगोळ-वडगाव रस्त्याच्या आतल्या अंगाला आहे. दिवसा पोरांचा दंगा असतो, पण रात्री दहानंतर इथं कुत्रंसुद्धा उगाच भुंकत नाही. वारा वडगावकडचा असला तर मागांचा खडखडाट तेवढा ऐकू येतो. तोही आता पूर्वीसारखा राहिला नाही, कितीतरी माग बंद पडले. त्या रात्री तर तोही नव्हता. नुसती थंडी.

आणि सेल्फ लागला. कर्र कर्र कर्र कर्र. थांबला. परत कर्र कर्र कर्र.

गाडी आमच्याच गल्लीतल्या तात्यांची ओम्नी होती, यात मला जराही शंका नव्हती. १९८६ साली मी केएसआरटीसीत, म्हणजे कर्नाटकच्या एसटीत, हेल्पर म्हणून लागलो, १९९७ ला आमचं वायव्य कर्नाटक परिवहन वेगळं झालं, आणि रिटायर होईपर्यंत मी डेपोतल्या पिटमध्येच होतो. गल्लीत मला सगळे मिस्त्रीच म्हणतात. तात्यांच्या गाडीच्या फ्लायव्हील रिंगचा एक दात खाल्लेला आहे, त्यामुळे सेल्फ फिरताना मध्येच एक बारीक ठेच लागते. ती ठेच मी रोज सकाळी साडेसातला ऐकतो.

पण तात्या असा सेल्फ मारत नाहीत. १९९९ चं मॉडेल, कार्ब्युरेटरची गाडी. थंडीत तिला चोक पूर्ण ओढावा लागतो. चोक ओढला की हवा कमी जाते, पेट्रोल जास्त जातं, आणि गार इंजिन धरतं. तात्या चोक ओढतात, ॲक्सिलरेटर दोनदा दाबतात, मग एकच सेल्फ. गाडी लागते. मग चोक हळूहळू आत. पंचवीस वर्षांत यात फरक नाही. ही गाडी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होती, आणि त्या हाताला तिचा चोक ठाऊक नव्हता.

मी लगेच उठलो, त्याला आणखी एक कारण आहे. ते इथं लिहायलाच हवं.

त्याच्या चौदा महिने आधी, अशाच एका रात्री, तात्यांच्या मुलाची स्प्लेंडर गेली. त्या रात्रीही मी जागा होतो. किक मारल्याचा आवाज आला. दोन, तीन, चार किका. पोरगा उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये लेथवर आहे, शिफ्ट बदलत असतात. निघाला असेल कामाला, असं म्हणून मी कूस बदलली. खरं सांगायचं तर मनात आलं होतं, की हा पोरगा दोन किकांच्या वर कधी मारत नाही. तरी कूस बदलली. थंडी होती, पांघरूण सोडवेना. सकाळी तात्यांच्या दारात माणसं जमलेली बघितली. गाडी मिळाली नाही ती नाहीच. हप्ते अजून सहा राहिले होते. पोरगा पाच महिने पहाटे चालत शिफ्टला जायचा, आणि मी गेटाजवळ उभा राहून बघायचो. कुणाला काही सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही.

म्हणून या खेपेला पहिल्या ठेचेलाच पाय जमिनीवर ठेवले.

लाइट लावली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तात्यांना फोन लावला. मनात एकच, की गाडी सुरू व्हायच्या आत त्यांनी फोन उचलावा.

"तात्या, गाडी काढूलासा काय तुम्ही?"

"नाही बा. झोपलोय की. का?"

"लाइट लावू नका. मागच्या दारानं या."

समोरच्या घरातला पोरगा मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, सुट्टीवर आला होता. त्याला फोन केला, दुसऱ्या रिंगला उचलला. एवढंच म्हटलं, "तात्यांची ओम्नी कोण तरी न्यायलाय." तो म्हणाला, "काका, तुम्ही पुढं जाऊ नका. मी मारुतीच्या देवळाकडनं फिरून येतो."

गाडी तात्यांच्या दारात नव्हती. आवाज न करता ढकलत त्यांनी ती उतारानं कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपाशी आणली होती. तिथं उजेड पडत नाही. एक जण मागं हात टेकून उभा होता, दुसरा आत. पुढच्या काचेतून मधूनच निळी ठिणगी दिसायची, आणि त्या उजेडात एक कपाळ. स्टिअरिंगखालची वायर वायरला टेकवून तो सेल्फ फिरवत होता. चावी नव्हतीच. स्टिअरिंग लॉक तर त्या गाडीचा केव्हाचा गेलाय, बदलून घ्या म्हणून मीच तात्यांच्या मागं लागलो होतो.

आम्हाला बघितल्याबरोबर बाहेरचा पळाला. चपला तिथंच टाकून रस्त्याच्या बाजूला गेला, तो सापडला नाही. आतल्याला काही कळलं नाही, सेल्फच्या आवाजात त्याला आमची पावलं ऐकूच आली नाहीत. फौजी पलीकडून आला आणि ड्रायव्हरच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. मी डाव्या बाजूच्या पुढच्या दाराला. मग मी टॉर्च लावला.

पोरगं सीटवरून मागं उडी मारून सरकत्या दाराकडं गेलं. ते दार ओढून उघडत नाही. त्याची खालची रेल वाकली आहे, आधी थोडं वर उचलायचं आणि मग सरकवायचं. हे तात्यांच्या घरच्यांना आणि मला ठाऊक. तो दोन्ही हातांनी ओढत होता, सगळी गाडी हलत होती, आणि दार जागचं हलत नव्हतं. शेवटी तो तिथंच खाली बसला. साड्यांच्या गठ्ठ्यांना गुंडाळतात ते गोणपाट गाडीत पडलं होतं, त्यावर गुडघे पोटाशी घेऊन. वय एकवीस-बावीस. उजव्या हाताच्या दोन बोटांवर डॅशबोर्डच्या पत्र्यानं चीर गेलेली, रक्त मनगटापर्यंत आलेलं.

पाच मिनिटांत तीस माणसं जमली. इतकी माणसं एकदम जागी झालेली मी या क्रॉसमध्ये गणपतीतच बघितली होती. काठ्या होत्या, एकानं दोरी आणली. कुणीतरी एक थोबाडीत ठेवून दिली, आणि तेवढ्यानं बाकीच्यांचे हात शिवशिवायला लागले. त्यांचा राग मला समजत होता. वर्षभरात आमच्या भागातून चार दुचाक्या गेल्या होत्या. तात्यांच्या गाडीला एवढ्या वयामुळं नुसता थर्ड पार्टी इन्शुरन्स आहे, ती गेली असती तर हातात पैसुद्धा आली नसती. वडगावात त्यांचे चार माग आहेत, तिथला माल शहापूरच्या खडे बाजारात पोचवतात तो याच गाडीतून. आणि गाडी एकदा इथून सुटली की हिंडलगा-सुळगा करत शिनोळीला महाराष्ट्रात, नाहीतर पिरनवाडीवरून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून गोव्यात. उजाडायच्या आत दुसरं राज्य, दुसरे पोलीस. सीमाभागात राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

तरी मी आणि फौजी गाडीच्या दारातून हललो नाही. नोकरीत असताना एका स्टँडवर लोकांनी पाकीटमाराला मारताना मी बघितलंय. प्रत्येकानं एकेकच मारली होती. तो माणूस नंतर उठला नाही. मारणाऱ्यांतले दोघे माझ्या ओळखीचे, चांगले संसारी लोक. ते मी मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. फौजीनं दोरी मागून घेतली आणि आपल्याच घराच्या पायरीवर टाकली. समोरच्या वहिनींनी हळद आणि फडकं आणलं. त्या पोराची बोटं त्यांनी बांधली, आणि बांधताना त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

११२ ला मी ३ वाजून ५ मिनिटांनी फोन केला होता. गाडी साडेतीनच्या आत आली. "एन् आय्तु री?", काय झालं, म्हणत हवालदार उतरले, मी कन्नडमध्ये सगळं सांगितलं. पोरगं कन्नड-मराठी दोन्ही बोलत होतं, आपल्यासारखंच मिसळून. गाव कुठलं तेही त्यानं सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही, त्याचे आईवडील तिथं राहतात.

पोलीस स्टेशनात सकाळचे आठ वाजले. तक्रार कन्नडमध्ये लिहायची होती. तात्यांना कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. डेपोत अडतीस वर्षं जॉबकार्ड कन्नडमध्ये भरल्यामुळं माझा हात बसलेला आहे, मी लिहिली. मग वाक्यावाक्यानं मराठीत सांगितली, आणि तात्यांनी खाली मराठीत सही केली. मी विचारलं, गाडी सुरूच झाली नाही, गल्लीतच होती, तर ही चोरी धरायची का नुसता प्रयत्न? साहेब म्हणाले, दुसऱ्याची वस्तू लबाडीनं जागची हलवली की चोरी झाली, नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेत, कलम ३०३. दारापासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत साठ पावलं असतील. आणखी एक त्यांनी सांगितलं, तेही लिहून ठेवतो. आपल्यासमोर असा गुन्हा करणाऱ्याला साधा नागरिकही धरू शकतो, पण विनाकारण वेळ न लावता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

ओम्नी मुद्देमाल म्हणून स्टेशनातच राहिली. वकिलाकडून अर्ज, कागद, बाँड, मग कोर्टाची ऑर्डर. अकरा दिवस गेले. तेवढे दिवस गठ्ठे रिक्षातून गेले, आणि भाड्याचा हिशेब तात्यांनी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलाय.

गाडी घरी आल्यावर मी वायरिंग उघडलं. इग्निशनचा कपलर लोंबत होता. सेल्फची वायर हातात घेतली आणि तशीच धरून राहिलो. तिचं आवरण पक्कडीनं काढलेलं नव्हतं, ब्लेडनंही नाही. दातांनी काढलं होतं. काळ्या प्लॅस्टिकवर वरचे दोन आणि खालचे दोन दात स्पष्ट उमटले होते, आणि तांब्याच्या तारा चघळल्यासारख्या चपट्या झालेल्या. हत्यार नाही, पक्कड नाही, थंडीत अंधारात बसून दातांनी वायर सोलायची. माझ्या हाताखाली शिकायला आलेली पोरं याच वयाची असायची. वायर कशी सोलायची हे मी त्यांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो. तो चार इंचांचा तुकडा कापून नवी वायर घातली. तुकडा माझ्या टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात आहे. टाकवत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी तात्यांचा मुलगा चहा घेऊन आला. गल्लीतले सगळे दोन आठवडे माझं कौतुक करत होते, देवळात नारळसुद्धा दिला. ते माझ्यानं आता ऐकवत नव्हतं. पान्हा खाली ठेवला आणि त्याला स्प्लेंडरचं सांगितलं. किका मी ऐकल्या होत्या, चार होत्या, आणि त्या तुझ्या नव्हत्या हे मला कळलं होतं.

तो बराच वेळ गाडीच्या टायरकडं बघत राहिला. मग म्हणाला, "काका, निदान दुसऱ्या दिवशी तरी सांगायचं होतासा. किती वाजता गेली ते तरी कळलं असतं. पोलीस तेच विचारूलाले होते."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. कप उचलून तो गेला.

नंतर तीन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. समोर आला तर मान हलवायचा, तेवढंच. तात्यांना त्यानं सांगितलं की नाही मला माहीत नाही, तात्या पूर्वीसारखेच आहेत. मीही विचारलं नाही.

या काळात मी गल्लीतल्या गाड्यांना चोर-स्विच बसवायला घेतले. कॉइलकडं जाणाऱ्या वायरीत मध्ये एक लहानसा स्विच, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी. तो बंद असला की सेल्फ कितीही फिरवा, प्लगला ठिणगी जात नाही. स्विच आणि वायर मिळून दोनशे रुपयांच्या आत येतं. ओम्नीला पहिला बसवला, मग फौजीच्या बुलेटला, मग वहिनींच्या स्कूटीला. जागा प्रत्येक गाडीत वेगळी, आणि ती मालक सोडून कुणाला सांगत नाही.

गेल्या रविवारी सकाळी गेटाशी मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. तात्यांच्या मुलानं सेकंडहँड घेतलेली नवी गाडी होती. स्टँडवर लावली, चावी माझ्या कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाला, "काका, हिला पण बसवा." मी टूलबॉक्स आणायला आत गेलो. परत आलो तेव्हा तो सीट काढून, बॅटरीचं कव्हर उघडून, पक्कड हातात घेऊन बसला होता.