ओल्या वाकळेचं वजन

आमच्या बेळगावात थंडी दोनदा पडते. एक रीतसर, दिवाळीनंतरची. दुसरी जुलै-ऑगस्टातली, पावसाच्या आडून येणारी. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत आणि अपरात्री पाय गार पडून जाग येते. या थंडीला ब्लँकेट पुरत नाही. हलकं असतं ते, कूस बदलली की निम्मं खाली जातं. वाकळ जागची हलत नाही. तिला वजन असतं, आणि माझ्या मते पांघरुणाची अर्धी ऊब त्याच्या वजनातच असते.

पुण्याकडे हिला गोधडी म्हणतात. तिथल्या प्रदर्शनांत ती रेशमी साडीच्या भावात विकायला ठेवलेली मी पाहिली आहे. आमच्याकडची वाकळ म्हणजे घरातल्या जुन्या कपड्यांचा शेवटचा मुक्काम. वर-खाली सुती लुगडी, आत विरलेली धोतरं, चादरी, क्वचित पोरांचे शाळेतले शर्ट. सगळं जमिनीवर अंथरून सुरकुत्या काढायच्या, कच्चे टाके घालून थर धरायचे आणि मग काठापासून सुरुवात करून चौफेर फिरत मध्यापर्यंत धावदोरा घालत जायचं. दोरा दुहेरी. टाका फार मोठा झाला तर झोपलेल्याच्या पायाचं बोट त्यात अडकतं. पॉलिएस्टरची साडी अजिबात घ्यायची नाही. ती सरकते, थर धरत नाही, आणि पहिल्याच धुण्यात वाकळेला फुगे येतात.

शहापूर-वडगावच्या मागांच्या खटखटाटात माझं सगळं आयुष्य गेलं. कापड विणलेलं रोज पाहिलं, पण हातात सुई कधी धरली नव्हती. वरचं सगळं ज्ञान साठी ओलांडल्यावर आलं, आणि ते येण्याचं कारण काही आनंदाचं नव्हतं.

बायको आजारी पडली तेव्हा पावसाळाच होता. बेळगावच्या दवाखान्यांत आसपासचा सगळा मुलूख येतो. खानापूरच्या जंगलपट्टीतून, चंदगडहून, सावंतवाडीकडून, बैलहोंगल-रामदुर्गाकडून. पेशंटजवळ एकालाच राहू देतात. बाकीचे व्हरांड्यात. दिवसा तो व्हरांडा असतो, रात्री धर्मशाळा होते. कुणी वर्तमानपत्र अंथरतं, कुणी खताचं रिकामं पोतं, आणि पावसाची झड आत आली की सगळी रांगच्या रांग भिंतीकडे सरकते. दिवसभर मुलगी आईजवळ आत असायची, मी बाहेर. अंगावर एक शाल होती, तीही लग्नात मिळालेली, नुसती दिसायला चांगली.

शेजारी रामदुर्गाकडचे एक म्हातारे असायचे. नातू आत होता. त्यांना मराठी येत नव्हतं, माझं कानडी बाजारापुरतं. एका रात्री त्यांनी आपल्या पांघरुणाची अर्धी बाजू माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाले, "तगोरी, तगोरी." घ्या, घ्या. ती कौदी होती. आमची वाकळच, फक्त वरच्या ठिगळांचे रंग जास्त भडक.

भाषेचं सांगायचं तर १९५६ पासून आमच्या भागात मराठी-कानडीचं, बेळगाव कुठल्या राज्यात असावं याचं भांडण आहे आणि मी त्यात कोरडा राहिलेला नाही. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिवशी, काळी फीत लावून फेरीत चाललो आहे, घोषणा दिल्या आहेत. ते मी सोडलेलंही नाही. पण कौदीखाली थंडी वाजायची थांबली, हेही खरं.

म्हातारे बोलायचे फार. मला निम्मं कळायचं. त्यांच्या गावच्या मठात आलेल्याला आधी जेवायला वाढतात, नाव-गाव मागाहून विचारतात, हे कळलं. बसवण्णांचं नाव घेताना ते हात जोडायचे. बाराव्या शतकात बसवण्णांनी आणि शरणांनी, म्हणजे त्यांच्या बरोबरच्या भक्तांनी, सांगितलेली ती दोन कामं: घाम गाळून मिळवायचं ते कायक, आणि मिळवलेलं चारचौघांपुढे ठेवायचं तो दासोह. मी वारकऱ्याच्या घरातला. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमच्याकडेही पंगती उठतात. तरी एक गोष्ट मनात राहिली. त्यांच्या बोलण्यात श्रद्धा हा शब्द कुठे आला नाही. नुसती कामंच आली.

बायको गेली. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

पुढचे काही महिने समाचाराला येणारे एकच वाक्य बोलायचे, "देवाच्या मनात असेल ते." माणसं मनाची चांगली असतात, पण हे वाक्य बंद व्हायला हवं. दुःखाने माणूस घडतो, खोल होतो, असंही पुष्कळ जण सांगतात. मला दुःखाने चिडखोर केलं, दुसरं काही नाही. दुधात पाणी घातलं म्हणून गवळ्याशी भांडायचो, टीव्हीच्या आवाजावरून शेजाऱ्याशी. आणि विठ्ठलाशी बोलणंच टाकलं. एकादशीला देवळातून टाळांचा आवाज आला की खिडकी लावून घ्यायचो.

आमच्या मागच्या दारी आक्का राहते. नात्यातली नाही, पण गल्लीत सगळ्यांची आक्का. ती एके दिवशी आली आणि म्हणाली, "भावजी, ट्रंक उघडा बघू. कसर लागंल की लुगड्यास्नी." ट्रंकेत बायकोची सुती लुगडी होती, टोपपदराची इरकलही होती. मी नको म्हणालो. आक्काने ऐकलं नाही. अंगणात सगळं पसरलं, इरकल तेवढी लेकीसाठी बाजूला काढली आणि बाकीची लुगडी घेऊन वाकळ शिवायला बसली. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून सुईत दोरा ओवायचं काम माझ्याकडे आलं. पहिले काही दिवस तेवढंच. मग एक कड मला दिली. मी शिवू लागलो. गल्लीतली पोरं हसायची, "आजोबा वाकळ शिवालेत!" हसू देत. टाक्यावर नजर असली की डोक्यात दुसरं काही येत नाही, आणि तेव्हा मला तेवढंच हवं होतं.

तयार झाल्यावर प्रश्न आला, द्यायची कुणाला? मुलगा बेंगळुरूला. तो म्हणाला, "बाबा, वॉशिंग मशीनमध्ये मावायची नाही." बरोबर होतं त्याचं. मग मी ती वाकळ उचलली आणि त्याच व्हरांड्यात नेली. कुठल्या उदात्त हेतूने वगैरे नाही. घरात ती डोळ्यांसमोर नको होती. चंदगडकडची एक बाई बाळंतीण सुनेसाठी आली होती, नुसत्या फरशीवर बसलेली. तिला दिली. म्हणाली, "परत कुणाला देऊ?" या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. दवाखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर ठेवा, म्हणालो. गाडेवाला तयार झाला, आणि तेव्हापासून ही पद्धत पडली. वाकळ गाड्यावरून न्यायची, जाताना गाड्यावर ठेवायची. नोंद नाही, डिपॉझिट नाही. काही परत येत नाहीत. मी कुरकुर केली की आक्का म्हणते, "कुणाच्या तरी अंगावरच आसंल की. नदीत टाकली आसंल काय?"

एकदा खानापूरच्या जंगलपट्टीतली एक सिद्दी बाई आली होती. पोर्तुगिजांच्या काळात आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या लोकांचे हे वंशज. खानापूर, हल्याळ, यल्लापूरच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि त्यांच्यातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची वाकळ, शिवण्यात भारी. तिने आमची वाकळ हातात घेतली, उलटीपालटी केली, चारी कोपरे तपासले आणि म्हणाली, "ही तर नागडी हाय." त्यांच्यात कवंदीच्या कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंदी पुरी होत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर वाकळेच्या चारी कोपऱ्यांना लाल फुलं. कापड कुठून काढलं, देव जाणे. आक्काला दाखवली. तिने बराच वेळ फुलं न्याहाळली, आणि तेव्हापासून आमच्या वाकळांच्या कोपऱ्यांनाही फुलं असतात.

धुण्याचं काम सगळ्यात वाईट. दवाखान्यातून आलेली वाकळ सोड्याच्या उकळत्या पाण्यात भिजवावी लागते. दसऱ्याच्या आधी घरोघरी अंथरुणं-पांघरुणं धुतात, तेव्हा आम्हीही सगळ्या काढतो. वाळलेली वाकळ एका हाताने उचलता येते. भिजली की दोन माणसांना आवरत नाही. पिळायची म्हणजे दोघांनी दोन टोकं धरून उलट दिशांना पीळ द्यायचा, आणि एकाने मधेच सोडली तर दुसरा चिखलात.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, सगळ्याच पात्र सोडून वर आल्या. निपाणीजवळ हायवे पाण्याखाली, गोकाक पाण्यात, रामदुर्ग पाण्यात. आमच्याकडे बळ्ळारी नाल्याने वडगाव शिवारातलं बासमतीचं भात बुडवलं. मलप्रभा आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, रामदुर्गावरून पुढे कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. इथे पडलेला पाऊस तिकडे जाणार. मला ते म्हातारे आठवले. त्यांचा नंबर नव्हता, गावाचं नावही नीट ऐकलेलं नव्हतं.

पाणी उतरल्यावर गल्लीतल्या पोरांबरोबर टेम्पोतून चिकोडी तालुक्यात दूधगंगेकाठच्या एका गावात गेलो. शाळेत मदतीच्या कपड्यांचा ढीग पडला होता. त्यात जरीचे घागरे, फाटके बनियन, एक सूट. लोक माळा रिकामा करतात आणि त्याला दान म्हणतात, यावर मी एक दिवस सविस्तर लिहिणार आहे. एक बाई त्या ढिगाकडे बघतही नव्हती. ती तिच्या दारात चिखलाने माखलेली वाकळ ओढत होती. सासूच्या हातची होती म्हणे. मी नवी देऊ केली तर म्हणाली, "नवी ऱ्हाऊ दे दादा, हिचं एक टोक धरा की."

धरलं. हातपंपाखाली धुतली, पिळली, पुन्हा धुतली. चिखल थरांच्या आत शिरलेला, प्रत्येक पिळण्याला लालसर पाणी निघत होतं. ते बघून शेजारची आली, मग तिच्या पलीकडची. मी दिवसभर वाकळा पिळल्या. मनगटं सुजली. संध्याकाळी शेवटची पिळताना मी विठ्ठलाला शिवी घातली. चांगली, वडिलांनी ऐकली असती तर कानफटात मारली असती अशी. टेम्पोत बसल्यावर लक्षात आलं, बायको गेल्यापासून त्याच्याशी बोललेला हा माझा पहिला शब्द.

श्रद्धा परत आली असं याला म्हणायचं का, मला सांगता येत नाही. आधी श्रद्धा आणि मग सेवा, असा क्रम प्रवचनात ऐकला होता. माझ्याकडे हात आधी कामाला लागले. बाकीचं मागून, कुरकुरत आलं, आणि अजून पुरतं आलेलं नाही.

पुढे वाकळेच्या आत घालायला कापड कमी पडू लागलं. हल्ली सुती लुगडं नेसतंय कोण? आक्काने सुचवलं, भजनी मंडळाकडे जुनी धोतरं असतील. गेलो. वीणेकरी जुने ओळखीचे. म्हणाले, "एकादशीला या. कीर्तन झालं की घेऊन जावा." सरळ सौदाच होता. मी गेलो, मागे बसलो, धोतरं घेऊन आलो. पुढच्या एकादशीला पुन्हा. कुणी तरी हातात टाळ दिले, ते खाली ठेवता येईनात.

परवाच्या एकादशीला धोतरं नव्हती. तरी यायला उशीर झाला. आक्का दारातच उभी होती.

"धोतरं न्हाईत, मग इतका वेळ काय करालता?"

"भजनात होतो."

"बरं झालं. कार्तिकीला मंडळातली मंडळी पंढरपूरला जात्यात न्हवं? त्यांस्नी आत्ताच सांगून ठेवा, येताना कुणी नवं धोतर घेतलं तर जुनं आमचं."