कुलूपबंद जिममधले पाय

खेळाच्या सिनेमात फोली आर्टिस्टला लपायला भरपूर जागा असते. प्रेक्षकांचा गलका, शिट्ट्या, समालोचन, वरून दणदणीत संगीत. या सगळ्याखाली आम्ही केलेले बुटांचे, चेंडूचे, कपड्यांचे आवाज दबलेले असतात. एखादं पाऊल इकडेतिकडे झालं तरी थिएटरात कुणाला पत्ता लागत नाही. अंधेरीतल्या आमच्या लहानशा स्टुडिओत कुस्ती, कबड्डी, क्रिकेट सगळं करून झालं होतं. त्यामुळे जॉन मॅक्लेंडन या कृष्णवर्णीय बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या आयुष्यावरचा एक स्वतंत्र अमेरिकन सिनेमा आमच्याकडे आला, तेव्हा मी निवांत होते. मग मॅचचं रील उघडलं. अख्खी मॅच, आणि प्रेक्षक एकही नाही.

आमचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शूटिंगच्या वेळी माइक धरतो तो मुख्यतः संवाद. माणूस चालला, बसला, पेला ठेवला, सदरा झटकला, हे सगळे आवाज नंतर पडद्याकडे बघत आम्ही हातापायांनी करतो. लोक विचारतात, हे कॉम्प्युटरवर होत नाही का? होतं की. ऐकूही येतं तसं.

तर ती मॅच. १२ मार्च १९४४, रविवार, सकाळी अकराचा सुमार. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरातले लोक चर्चमध्ये. ड्यूक विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजातली गोरी मुलं मागून आणलेल्या गाड्यांत बसून, आडवळणानं शहर पार करून, डोक्यावर जाकिटं ओढून एका जिममध्ये शिरली. जिम होती नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर निग्रोजची. कॉलेजचं तेव्हाचं अधिकृत नावच ते. तिथल्या ईगल्स संघाचे प्रशिक्षक मॅक्लेंडन. मोसमात एकच मॅच हरलेला संघ, पण गोऱ्या संघाशी खेळायची सोय नाही. सगळे आत आल्यावर मॅक्लेंडननी दाराला कुलूप घातलं. आत पंच होता, घड्याळ होतं. कुणकुण लागलेली काही पोरं खिडकीला लटकून बघत होती म्हणे. कृष्णवर्णीयांच्या स्थानिक वर्तमानपत्राच्या बातमीदाराला कळलं होतं, त्यानं एक ओळ छापली नाही. स्कॉट एल्सवर्थ या इतिहासकारानं १९९६ साली लिहीपर्यंत ही मॅच जगासाठी झालेलीच नव्हती.

एवढी लपवाछपवी कशाला, असा प्रश्न आमच्या स्टुडिओत कुणी विचारला नाही, कारण त्याच्या पुढचं रील आम्ही आधी केलं होतं. त्याच वर्षीचा जुलै, तेच डरहॅम, सिटी बस. बुकर स्पाइसली हा गणवेशातला कृष्णवर्णीय सैनिक. काळा म्हणून मागं जाऊन बसण्यावरून ड्रायव्हरशी बोलाचाली झाली, आणि स्पाइसली उतरल्यावर ड्रायव्हरनं खाली येऊन त्याला गोळ्या घातल्या. सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं ड्रायव्हरला निर्दोष सोडलं. त्या बसची पायरी आणि सैनिकाचे बूट मीच केले होते.

मॅचसाठी तयारी बरीच केली. आमच्या पिटात, म्हणजे पावलांचे आवाज काढायच्या जागेत, सागवानी फळ्या आहेत, ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारातून आणलेल्या. बास्केटबॉलचं कोर्ट मेपलचं, म्हणजे आवाज जास्त टणक, म्हणून फळ्यांखालचा स्पंज काढून टाकला. एसीच्या कोरड्या हवेत बूट चरकत नाहीत, त्यावर जुना उपाय आहे: कोल्ड्रिंक शिंपडून फळी पुसायची, ती हलकी चिकट होते. दिग्दर्शिका व्हिडिओ कॉलवर होती. आमची संध्याकाळ, तिची सकाळ. तरुण, कृष्णवर्णीय, नॉर्थ कॅरोलायनाचीच. तिची पहिली सूचना बुटांबद्दल. युद्धामुळे अमेरिकेत रबराची टंचाई होती, मलाया जपान्यांच्या हातात गेलेला. तेव्हा नव्याकोऱ्या बुटांची किंचाळी नको, झिजलेला तळ घासल्यासारखा आवाज हवा. चेंडूही चामडी, त्याचा टप्पा आजच्यासारखा टणटणत नाही. दोन संघ कानाला वेगळे कळावेत म्हणून मी ड्यूकसाठी जाड तळाचे कॅनव्हास निवडले आणि ईगल्ससाठी तळ अगदी पातळ झालेले.

चेंडूचे टप्पे मात्र माझ्या आवाक्यातले नव्हते. त्यासाठी नागपाड्याहून एक पोरगा बोलावला. मुंबईत बास्केटबॉल म्हटलं की नागपाडा, हे इथल्या खेळणाऱ्यांना सांगायला नको. अमेरिकन मिशनऱ्यांनी १९२०च्या दशकात तिथं नेबरहूड हाऊस काढलं, तेव्हापासून त्या गल्ल्यांत हा खेळ मुरलाय. पोरगा आला, हेडफोन लावले, क्लिप बघितली आणि चेंडू हातात तसाच धरून उभा राहिला.

"आपा, ये लोग इतना ईझी ईझी मिस क्यूँ कर रहे हैं?"

मी म्हटलं, असेल दिग्दर्शिकेला तसं हवं.

"नहीं. पाँव देखो ना. एड़ी नीचे है सबकी. डरे हुए हैं."

मी क्लिप परत लावायला सांगितली. खरंच. दहाच्या दहा जणांच्या टाचा जमिनीला. पास घेताना हात पुढे, पाय मागे. मी इतका वेळ हात आणि चेंडू बघत होते. त्या सकाळी खेळलेल्यांनी पुढे सांगून ठेवलंय की सुरुवातीला दोन्हीकडून पास सुटत होते, हातातोंडाशी आलेले बास्केट हुकत होते. दुसऱ्या रंगाच्या माणसाशी कोर्टवर खेळायची बहुतेकांची ती पहिलीच वेळ. दिग्दर्शिकेनं नटांकडून तेवढं बारीक काम करून घेतलं होतं आणि ते आमच्याकडे पहिल्यांदा दिसलं नागपाड्याच्या पोराला.

मग पहिली दोन-तीन मिनिटं नव्यानं केली. फ्रेमला फ्रेम जुळवूनही पाऊल उशिरा पडल्यासारखं वाजवता येतं: टाच आधी, चवडा मागून, वजन दोन्हींच्या मध्ये अडकलेलं. माइक जमिनीजवळ आणला. पुढे ईगल्सचा वेग लागतो. मॅक्लेंडननी त्यांना दमसास वाढेस्तोवर पळवलेलं, चेंडू मिळाला की सगळा संघ सुसाट समोर. तिथून मी चवड्यांवर आले. पन्नाशीच्या गुडघ्यांनी फास्ट ब्रेक करायचा म्हणजे काय ते मलाच माहीत. प्रत्येक टेकनंतर खुर्ची. निकाल ईगल्स ८८, ड्यूक ४४. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा मीही आडवी झाले.

चहाच्या वेळी आमचा असिस्टंट बराच वेळ गप्प होता. बीडकडचा आहे, पंचविशीतला, प्रॉप जमवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

"ताई," तो म्हणाला, "मॅच झाली ते ठीकय. पण ह्यांनी पाणी कुठं पेलं?"

रेकॉर्डिस्ट हसला. मी नाही हसले. हा प्रश्न मला पडला नव्हता आणि त्याला का पडला हे मी विचारलं नाही. मी त्याला सांगितलं की त्या भागात तेव्हा नळसुद्धा वेगळे असायचे, गोऱ्यांचा आणि काळ्यांचा. मग त्याला आठवण करून दिली, "ते पोहण्याच्या तलावाचं रील आठवतंय? तू केलं होतंस."

आठवत होतं. मॅक्लेंडन कॅन्सस विद्यापीठात शिकले, आणि त्यांचे तिथले गुरू म्हणजे १८९१ साली बास्केटबॉल जन्माला घालणारे जेम्स नेस्मिथ स्वतः. खेळ ज्यानं काढला त्याच्या हाताखाली शिकायचं, पण काळा म्हणून विद्यापीठाच्या संघात जागा नाही. तिथं पोहण्याचीही अट होती. कृष्णवर्णीयांना पाण्यात न उतरवताच पास करायची रीत. मॅक्लेंडन हटून बसले आणि उतरले. ते पोहून गेल्यावर तलावातलं सगळं पाणी काढून टाकलं गेलं. आमच्याकडे तो तुकडा संवादांशिवाय आला होता. असिस्टंटनं पिंप, पाइप आणि शेवटी जाळीवर घोंगावणारा भोवरा, सगळं फार सुंदर केलं होतं.

"मला वाटलं सफाई चाललीय," तो म्हणाला.

चहा संपेस्तोवर पुढे कुणी बोललं नाही. उठताना त्यानं विचारलं, दोन मॅचच्या मध्ये पडद्याबाहेर एक बादली आणि एकच मग वाजवू का? पडद्याबाहेरचे आवाज आम्ही भरतो कधीकधी, तेव्हा मी म्हटलं, कर.

कारण त्या दिवशी दुसरीही मॅच झाली होती. ८८-४४ झाल्यावर घरी जायचं सोडून ती मुलं मिसळली. दोन्ही कॉलेजांची पोरं दोन्ही संघांत. एका संघानं बनियन घालायची, दुसऱ्यानं उघड्या अंगानं खेळायचं. आणि इथं आमचा सगळा हिशोब कोसळला. माझ्याकडे एक ट्रॅक 'ड्यूक', एक 'ईगल्स'. टॉकबॅकवरून रेकॉर्डिस्ट विचारतोय, "आता कुठल्यावर घेऊ?" जवळच्या शॉट्समध्ये सोपं होतं, ज्याचे बूट त्याच्यासोबत. पण लांबच्या शॉटमध्ये दहा जण एकमेकांत घुसलेले, कुणाचा पाय कुठला कळत नाही. शेवटी मी एका पायात ड्यूकचा जाड बूट घातला, दुसऱ्यात ईगल्सचा झिजका, आणि धावले. किंचित लंगडत, पण आवाज बरोबर गर्दीसारखा आला.

खरी अडचण पुढे होती. पहिल्या मॅचमध्ये धक्का लागला तरी कापडाला कापड. आता घामेजल्या उघड्या पाठीवर घामेजला तळहात. कुणी बास्केट टाकली की थाप, पडला की दंडाला धरून उठवणं. चित्रात या थापा किती आहेत ते मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. पहिल्या मॅचमध्ये हीच माणसं एकमेकांचा हात लागू नये म्हणून वळसा घालून धावत होती.

माझ्याकडे चापटीचे तीन-चार ठरलेले उपाय आहेत. ओलं शामॉय, म्हणजे पुसायचं मऊ चामडं, मांडीवर मारून पाहिलं, आंघोळ वाटली. चामडी हातमोजा मारामारीसारखा वाजला. नागपाड्याच्या पोरानं स्वतःच्या दंडावर मारून दाखवलं, बारीक आवाज. मग असिस्टंटनं काही न बोलता शर्ट काढला, खांद्यावर बाटलीभर पाणी ओतून घेतलं आणि माइकच्या पुढ्यात पाठ करून बसला.

"मारा."

मी मारली. रेकॉर्डिस्ट काचेआडून म्हणाला, "थोडी वर, खांद्याच्या हाडाजवळ." तिथं बरोबर बसली: पोकळ नाही, भरीव, आणि हात निघताना तो चिकट सुटका आवाज. मग अख्खा सीन आम्ही त्याच्या पाठीवर केला. कधी मी, कधी नागपाड्याचा पोरगा, ज्याचा हात त्या शॉटला मोठा-लहान हवा तो. तासाभरानं पाठ लालबुंद. "थांबूया का?" म्हटलं, तर म्हणतो, "ते पडलेल्याला उठवतेत तेवढं राहिलंय, करून टाका."

संध्याकाळी दिग्दर्शिकेला सगळं ऐकवलं. सुरुवातीच्या टाचांवर ती काही बोलली नाही, फक्त परत एकदा लावायला सांगितलं. थापा ऐकून विचारलं, हे कशावर केलं? मी असिस्टंटला कॅमेऱ्यासमोर पाठमोरं उभं केलं. ती इतकी हसली की तिच्याकडचं कुणी खोलीत डोकावून गेलं. पण बादली आणि मग तिनं काढायला सांगितले. खेळ संपल्यावर ड्यूकची मुलं तडक परतली नाहीत, ईगल्सच्या वसतिगृहात जाऊन गप्पा मारत बसली, ते तिच्या सिनेमात आहे; पण ते सगळं तिथं असलेल्यांनी सांगितलेलं. "हे एकच माझ्या मनाचं नको," ती म्हणाली. मला तिचं पटलं. असिस्टंटला अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, गप्पा मारत बसले म्हणजे पाणी तरी दिलंच असेल की.

महिन्याअखेरीस बिल करताना त्यानं प्रॉपच्या भाड्याच्या यादीत स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: 'पाठ, एक दिवस.' मी ती खोडली नाही. निर्मात्यांनी पैसेही दिले.