वैदूंची वही नेटवर का टाकत नाही?

"किनवट-माहूरकडच्या वैदूंचं झाडपाल्याचं ज्ञान तुम्ही लिहून घेता, मग ते नेटवर का टाकत नाही? म्हातारी माणसं गेली की सगळं जाईल ना?" असं आम्हाला नेहमी विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहितो आहोत.

ज्ञान मरू नये असं आम्हालाही वाटतं. पण जपून ठेवणं एक आणि जगभर वाटणं दुसरं. गोंड, कोलाम, आंध, परधान लोकांकडून जे लिहून घेतलं ते त्यांचं आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या तिसऱ्या कलमात जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. तेव्हा ते कुणाला द्यायचं हे आम्ही ठरवायचं नाही, आणि एकट्या वैदूनेही नाही.

यावर हळदीचं उदाहरण हमखास येतं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) जुने लेखी पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. लिहिलेलं होतं म्हणूनच ते जमलं, हे खरं. पण वसमतच्या बाजारात हळद विकणाऱ्याला विचारा, जखमेवर हळद दाबायची हे कुणापासून लपलेलं होतं का? घरोघरी माहीत असलेलं ज्ञान खुशाल लिहा. चार-दोन घरांतच टिकून असलेल्या ज्ञानाला तो नियम लावता येत नाही. शिवाय लेखी पुराव्याने दुसऱ्याचं पेटंट अडतं, मूळ माणसाच्या हातात मात्र काहीच येत नाही. केरळातल्या काणी लोकांनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा वनस्पतीपासून 'जीवनी' औषध निघालं, तेव्हा परवान्याच्या रकमेतला आणि रॉयल्टीतला निम्मा वाटा त्यांना द्यायचं ठरलं. संशोधन संस्थेने त्यांना वाटेकरी मानलं म्हणून ते घडलं.

"क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावा, व्यापारी वापराला बंदी घाला," असंही सुचवतात. आपलं काम इतरांना ठराविक अटींवर वापरू देणारा तो परवाना तुमच्या लेखाच्या शब्दांना आणि फोटोला लागतो. कुठल्या मुळीचा काढा कशावर चालतो, ही माहिती त्याच्या कक्षेतच येत नाही. वाचणाऱ्याने ती उचलून औषध काढलं तर परवाना मोडत नाही. आणि एकदा दिलेला परवाना, नियम पाळणाऱ्याकडून परत घेता येत नाही.

आता कळलावी घ्या. पावसाळ्यात वेल वर येतो, पानाच्या टोकालाच ताणा फुटतो, फुलं लाल-पिवळी, ज्वाळेसारखी. अडलेल्या बाळंतपणात तिच्या कंदाचा लेप बाहेरून लावायची जुनी रीत आहे. कंदात कोल्चिसिन नावाचं विष असतं. पोटात गेला की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, पुढच्या दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड आणि रक्तावर परिणाम होतो, माणूस दगावूही शकतो. वैदू शिकवतो तेव्हा कुठे लावायचा, केव्हा पुसून काढायचा आणि कुणाला लावायचाच नाही, हे आधी सांगतो. मिनिटभराच्या व्हिडिओत नेमकं तेच गळतं आणि उरतं फक्त "बाळंतपणावर कळलावी". असा व्हिडिओ टाकणं आम्हाला गुन्ह्यासारखंच वाटतं.

सफेद मुसळीत धोका झाडालाच आहे. बी गळून पानं पिवळी पडल्यावर कंद काढायचा आणि देठाजवळची चकती एखाद्या मुळीसकट परत मातीत पुरायची, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात रोप उभं राहतं. जागा नेटवर कळली की बाहेरचे लोक ऐन पावसाळ्यात, पान हिरवं असतानाच खणतात. बी पडत नाही, चकती उरत नाही, दोन-तीन हंगामांत तो उतार रिकामा.

म्हणून फोटोबाबत आम्ही कडक आहोत. सरकारी कामामुळे 'जीपीएस मॅप कॅमेरा' या ॲपची सवय सगळ्यांना लागली आहे, पण त्यात अक्षांश-रेखांश फोटोवरच छापले जातात, नंतर सहज पुसता येत नाहीत. साधा कॅमेरा वापरा आणि लोकेशन बंद ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर आतली जागेची नोंद तशीच पुढे जाते. मागे देवळाचा कळस किंवा गावाची पाटी दिसत असेल तर फोटो घेऊच नका.

परवानगी दोनदा घ्यायची. आधी त्या माणसाची, मग ग्रामसभेची, आणि कोलामांच्या पोडावर (वस्तीवर) त्यांच्या कोलामी भाषेतच बोलून. अंगठा घेऊन मोकळं व्हायचं नाही. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकवायचं, मग एकेका झाडाचं विचारायचं: हे सगळ्यांना सांगायचं, गावापुरतं ठेवायचं, की घराबाहेर जाऊच द्यायचं नाही? नेटवर गेलेलं परत आणता येत नाही, हे सही घेण्याआधी सांगायचं. परधान किंगरी या तंतुवाद्यावर पेनांची (गोंडांच्या देवांची) गाथा गातात, ती ज्या कुळासाठी गातात त्या कुळालाही विचारावं लागतं.

नावाचंही तसंच. कौतुकाने वैदूचं नाव, फोन नंबर आणि "मधुमेहावर रामबाण" असं लिहिणारे बरेच आहेत. १९५४ चा औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींबाबतचा कायदा मधुमेह, मूतखडा अशा आजारांच्या जाहिरातीला मनाई करतो. व्हिडिओ तुम्ही काढता आणि चौकशी त्या माणसाच्या दारात येते.

कुणी आधीच व्हिडिओ टाकला असेल तर तो आजच खाली उतरवा, पुढे पाठवणाऱ्यांनाही तसं कळवा. मग त्या घरी जाऊन सांगा, कारण त्यांना बहुतेक वेळा पत्ताच नसतो. ते हो म्हणाले तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातली झाडं, प्राणी आणि त्यांच्याबद्दलचं ज्ञान नोंदवायच्या वहीत) तारखेसह नोंद करून घ्या. झाड आणि माणूस लिहा, कृती आणि जागा लिहू नका. उद्या कुणी त्यावर हक्क सांगितला तर गावाकडे दाखवायला कागद असेल.