फाईलमधल्या मॅडम

मोठ्या बाबूंनी माझी फाईल दोन्ही हातांनी उचलून बघितली, बाजारात कलिंगड तोलून बघावं तशी, आणि म्हणाले, "मॅडम, सहा वर्षांच्या मानानं हलकी वाटतीय."

२०१८चा ऑगस्ट होता. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित कॉलेजात मी मराठी शिकवते. २०१२च्या जुलैत लागले. सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, झाली होती पण पीएच.डी. नव्हती, त्यामुळे पहिल्या बढतीला सहा वर्षं थांबायचं होतं. ती भरली होती, आता 'कॅस'ची फाईल लावायची. कॅस म्हणजे करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम. वरची जागा रिकामी व्हायची वाट बघावी लागत नाही. ठरलेली वर्षं भरली आणि मूल्यमापनात बसलात की वरची श्रेणी मिळते. माझ्या बाबतीत लेव्हल १० वरून ११. एक ५७,७०० पासून सुरू होते, दुसरी ६८,९०० पासून. आमच्यात कुणी भेटलं की तब्येतीच्या आधी विचारतात, "कॅस झालं का?"

मी लागले तेव्हा एपीआयचा, म्हणजे शिक्षकाचं काम गुणांत मोजायच्या पद्धतीचा, जमाना होता. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१०च्या नियमावलीनं तो आणला. शिक्षकाचं वर्षभराचं काम तीन कप्प्यांत टाकायचं: शिकवणं आणि परीक्षा; एनएसएस, समित्या वगैरे; आणि संशोधन. पहिल्या कप्प्याला १२५ गुण, त्यातले वर्षाला किमान ७५ हवेत. दुसऱ्याला ५०, किमान १५. तिसऱ्याचा दर ठरलेला. संदर्भित, म्हणजे तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणाऱ्या, नियतकालिकात लेख आला की १५, नुसता आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) असलेल्यात आला की १०. राष्ट्रीय चर्चासत्रात निबंध वाचला की साडेसात. त्या अर्ध्या गुणाचं मला फार कौतुक वाटायचं. कुणीतरी बसून विचार केला असेल की सात म्हणजे अन्याय होईल आणि आठ म्हणजे जरा अतीच.

स्टाफरूममध्ये जुने सर सांगायचे, पूर्वी दिवाळीनंतर भेटलं की कुठला दिवाळी अंक वाचला यावर बोलणं व्हायचं. मी आले तेव्हा मार्च महिन्यात एकच प्रश्न फिरायचा, "तुझा किती होतोय?" पहिल्या वर्षी मला वाटलं इन्कम टॅक्सचं चाललंय.

माझा पहिल्या वर्षी तिसऱ्या कप्प्यात शून्य होत होता. मग मीही शिकले. शनिवारी पहाटेची एसटी पकडायची, कुठल्यातरी कॉलेजात एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र, नोंदणीचे पैसे भरायचे, त्यातच जेवण, बॅग आणि विशेषांकात लेख. एका सत्रात बत्तीस निबंध. अध्यक्ष म्हणायचे, "प्रत्येकी तीन मिनिटं, फक्त निष्कर्ष वाचा." प्रमाणपत्रं मात्र सकाळीच तयार असायची. परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर ते प्रमाणपत्र असायचं आणि मला खरंच बरं वाटायचं, हे कबूल करायला हवं. साडेसात पडले.

२०१४ मध्ये ओरिएंटेशनला, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाला, गेले. तेव्हा ते चार आठवड्यांचं असायचं. मुलगी दोन वर्षांची होती, आईकडे ठेवली. होस्टेलवर रात्री फोन केला की ती बोलायची नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. वीस गुण होते त्याचे.

पण मला सांगायचंय ते याहून बारीक आहे. लागले त्या वर्षी शुक्रवारी दुपारी मी एक वाचनतास सुरू केला होता. वेळापत्रकात नव्हता. पंधरा-वीस मुलं यायची, ग्रंथालयातून काढलेलं काहीही मोठ्यानं वाचायची. अडखळायची, हसायची, एखादा पोरगा 'ळ'चा 'ल' करायचा आणि सगळा वर्ग त्याला सुधारायचा. तिसऱ्या वर्षी तो तास बंद पडला. कुणी बंद केला? प्राचार्यांनी नाही, विद्यापीठानं नाही. शुक्रवारी दुपारी कशाकशाच्या बैठका यायला लागल्या, आणि ज्याची नोंद कुठं करता येत नाही ते मीच पुढच्या आठवड्यावर ढकलत गेले. त्याऐवजी वर्षातून एकदा 'वाचन संस्कृती कार्यशाळा' घ्यायला लागले. तिला बॅनर होतं, पाहुणे होते, उपस्थितीच्या सह्या होत्या. पुस्तक कुणी उघडलं नाही.

आता वहीचं सांगते.

आमच्या भागातली अर्धीअधिक घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आमच्या पटावरच्या काही मुलीही जातात आणि मार्चात, एप्रिलात परततात. २०१५-१६ ला टीवायला अशीच एक मुलगी होती. परतली तेव्हा मी सहज विचारलं, तिकडचे शब्द लिहून आणशील का? तिनं दोनशे पानी वही भरून आणली. आजीला, चुलतीला विचारून. 'कोयता' म्हणजे हत्यार नाही, तर नवराबायकोची जोडी. मुकादम हिशोब करतो तो 'किती कोयते' असाच. 'वाढं' म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. 'कोपी' म्हणजे फडाजवळची झोपडी. आणि 'उचल'समोर तिनं लिहिलं होतं: 'फेडायची असती पण फिटत नाही ती.'

मी ती वही रात्री दोनदा वाचली. मग त्यावर लेख लिहिला. शीर्षकात 'एक अभ्यास' आलं, मजकुरात 'सदर शब्दसंग्रह' आला, आणि 'उचल'चा अर्थ झाला: 'मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतली जाणारी आगाऊ रक्कम.' बरोबरच आहे. चूक काहीच नाही.

लेखावर नाव माझं एकटीचं घातलं. जोडलेखन असलं की गुण वाटले जातात, हे मला तोवर पाठ झालं होतं. शेवटी आभारात 'विद्यार्थ्यांचे सहकार्य लाभले' असं एक वाक्य टाकलं. तेव्हा ते खटकलं नाही, हेच मला आता खटकतं. मी लबाडी करतेय असं वाटलं नव्हतं, फॉर्म भरतेय असं वाटलं होतं.

तर २०१८. माझी सहा वर्षं भरली त्याच महिन्यात, १८ जुलैला, यूजीसीची नवी नियमावली आली. महाविद्यालयातल्या शिक्षकांच्या बढतीतून एपीआयचा तो हिशोब गेला. शिकवण्याचे तास ८० टक्के किंवा वर असतील तर 'चांगले', ७० ते ८० मध्ये 'समाधानकारक', त्याखाली 'असमाधानकारक'. बाकी उपक्रमांचंही तसंच, तीन केले की चांगले. माझ्या टप्प्यावर तर संशोधन लेखाची अटच नव्हती. जुने नियम की नवे, ते तीन वर्षांपर्यंत आपण निवडायचं.

मी दोन्ही फॉर्म जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. माझी तीच सहा वर्षं. डावीकडे साडेसात-साडेसात करत जमवलेली चळत, उजवीकडे एक शब्द, 'चांगले'. आधी सुटल्यासारखं वाटलं आणि पाठोपाठ राग आला. मग त्या शनिवारच्या एसट्या कशासाठी होत्या? आईकडे ठेवलेली पोर, बंद पडलेला शुक्रवार? नवरा म्हणाला, "अगं, नवा सोपा आहे तर नवा भर." तो बँकेत आहे, त्याचं बरोबर होतं. मी नवाच भरला. तरी जुन्या पद्धतीचे गुण पेन्सिलनं समासात मांडून बघितलेच. बसत होते.

त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली होती. (पुढं त्या यादीच्या जागी 'केअर लिस्ट' आली.) माझा 'एक अभ्यास' जिथं आला ते त्यात होतं. आधी छापलेले लेख धरले जातील असं सांगितलं होतं, त्यामुळे माझं नुकसान काही झालं नाही. पण ज्या कागदासाठी मी एका मुलीचं नाव गाळलं, तो कागद आता लागतही नव्हता आणि त्याला पतही उरली नव्हती.

फाईलची एक बाजू मात्र मला मान्य आहे. वर्षवार कागद लावताना २०१४-१५ चं पान जवळजवळ कोरं निघालं. मी स्वतःला लिहिती-वाचती बाई समजत होते. त्या वर्षी मी काय लिहिलं? काही नाही. काय नवं शिकवलं? जुन्याच टिपणांवरून तास घेतले. बाळ लहान होतं, खरंय, पण फाईल नसती तर मी ते स्वतःपाशीही मान्य केलं नसतं. आमच्यात मूल्यमापनाला सर्वांत जोरात शिव्या देणाऱ्यांत दहा वर्षं तेच पिवळे कागद वर्गात नेणारेही आहेत. त्यांच्या रांगेत मला बसायचं नाही.

मोठ्या बाबूंच्या सल्ल्यानं मी फाईल जड केली. सहभागाची प्रमाणपत्रं, वृक्षारोपणाचे फोटो, मतदार जागृती फेरी. छाननी समितीसमोर गेले तेव्हा दोन विषयतज्ज्ञ होते. एकांनी पानं मोजल्यासारखी उलटली. दुसऱ्या वयस्कर मॅडम होत्या, त्या एका पानावर थांबल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडं 'कोपी'च म्हणतात की 'खोपी'सुद्धा?" मी म्हटलं, दोन्ही चालतात, गावागणिक बदलतं. "मग हे लेखात का नाही?" मी म्हटलं, "वहीत आहे." त्या हसल्या. पाचेक मिनिटं आम्ही शब्दांवरच बोललो. त्या संपूर्ण प्रक्रियेत माझं लिहिलेलं वाचलेलं माणूस ते एकच.

पुढचं नेहमीचं. एक त्रुटी निघाली, एका प्रमाणपत्रावर जावक क्रमांक नव्हता. मग दुसरी निघाली. मग कोविड आला. आदेश हातात पडला तेव्हा मागच्या तारखेपासूनचा फरक मिळाला, त्यातून घराला रंग दिला.

मधल्या काळात मला आयक्यूएसीची (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाची) समन्वयक केलं. म्हणजे आता इतरांच्या फाईली मी तपासते. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकसाठी फोटो जिओटॅगवाले लागतात, अक्षांश-रेखांश आणि वेळ खाली उमटलेले. "सर, बॅनर दिसत नाही यात," असं मी माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला सांगते. परवा लिंबाखाली एफवायची कविता शिकवत होते, वारा छान होता, मुलं खरोखर ऐकत होती. मध्येच एक पोरगं उठलं, मोबाईल काढून मागं मागं सरकलं आणि म्हणालं, "मॅडम, फोटो ऱ्हायला की!" सगळी मुलं आपोआप सरळ बसली, पुढच्यांनी पुस्तकं उघडून धरली. मीही हात थोडा वर केला, समजावून सांगताना असतो तसा.

२०२२च्या जूनमध्ये त्या मुलीचा फोन आला. एम.ए. झाली, सेट झाली, आता तासिका तत्त्वावर अर्ज करत होती. "मॅडम, फॉर्ममध्ये शोधनिबंधाचा रकाना आहे. एका लेखाला दोन मार्क आहेत. आपला तो ऊसतोडीचा लेख, त्याची झेरॉक्स पाठवता का? माझं नाव असंल ना त्यात?"

मी नाही म्हटलं. कारणही सांगितलं, गुणांच्या वाटणीसकट. पलीकडून थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. तवा मला तरी कुठं कळत होतं."

मी म्हटलं, "वही माझ्याकडं आहे. दुसरा लिहू. 'कोपी'-'खोपी'चं राहिलंय, तुझ्या आजीनं सांगितलेलं बरंच राहिलंय. नाव तुझं पहिलं."

"लिहू की," ती म्हणाली, "पण केअर लिस्टमधी येईल ना?"